पाठराखीण

हेल्यू बाटलीवर तारीख घालायची.
काळ्या शाईनं, जरा तिरकी,
सातच्या आकड्याला कमरेत आडवी रेघ.
"नाहीतर एक वाटतो," म्हणायची,
"आणि एकानं घोळ होतो."

पंधरा दिवस. त्यावर एकही नाही.
ग्लुटामिनला पाण्यात एकटं राहवत नाही,
स्वतःच्याच शेपटीकडे वळतं, वेटोळं होतं,
आणि वळता वळता अमोनिया सोडतं.
पेशींच्या ताटातला घास जातो
आणि ताटात विष उरतं.

तार्तूत जानेवारी, चारला अंधार.
एमायुगी नदी काठापासून काठापर्यंत थिजलेली,
आणि सदतीस अंशांच्या कपाटात
कुण्या उंदराच्या आतड्याचा पातळ थर
रात्रभर दुपटीनं वाढणारा.
मी त्यांना लेकरं म्हणायचो.
हेल्यू म्हणायची, माल.

मग एका सोमवारी नव्या बाटल्या आल्या.
ग्लुटामिनच्या हातात हात घालून अ‍ॅलॅनिन,
बुटकं, साधं, फार काही न मागणारं.
सासरी निघालेल्या पोरीबरोबर
पाठराखीण जावी, तसं.
आता ते वळत नाही, विटत नाही,
कोंडलेल्या वाफेतूनही धड बाहेर येतं.
भूक लागेल तशी पेशी स्वतःच
गाठ सोडते. एक घास.
थांबून, अजून एक.

"आता तारखेची एवढी घाई नाही," मी म्हटलं.
तिनं पेनचं टोपण दातांनी काढलं
आणि तारीख घातली.

मार्चमध्ये तिचं दोन मीटर आतडं काढलं.
मी राईचा पाव घेऊन गेलो, मूर्खासारखा,
मफलरमध्ये गुंडाळून, गरम.
तिला पाण्याचा घोटही मना होता.
"राहू दे उशाशी," म्हणाली. "वासाला."

वर खुंटीला दुधाळ पिशवी,
नळीतून थेंब, थेंब, मानेजवळ आत.
"चष्मा नाही. वाच काय काय घातलंय."
मी वाचत गेलो. साखर. चरबी. क्षार.
खालून तिसऱ्या ओळीत बारीक अक्षरांत
अ‍ॅलॅनिल-ग्लुटामिन.

ती हसली. टाके दुखले असणार,
पोटावर हात दाबून हसली.
"म्हणजे आता माल मी."

बराच वेळ काही बोललो नाही.
खिडकीखाली कुणीतरी बर्फ खरवडत होतं,
फावड्याचा आवाज यायचा, थांबायचा.
मला वाटलं, झोप लागली.

"तारीख?"
"नर्सनं घातलीय. सतरा."
"सातला रेघ आहे?"

नव्हती.
मी दाराकडे पाहिलं, पेन काढलं,
आणि उभा राहून, टाचा उचलून,
सातच्या कमरेला रेघ मारली.