अकरावा नमुना

सपाट छापायचं आणि पाण्यात सोडायचं.
पुढचं ते स्वतःच करतं,
असं मी प्रस्तावात लिहिलं होतं, पैसे मिळावेत म्हणून.

पवईत ऑक्टोबरात
हवेतला ओलावा प्लास्टिकच्या तारेत शिरतो
आणि छापताना नळीच्या तोंडाशी तार
मोहरीसारखी तडतडते.
मिठात घालतात तसे तांदूळ घाला, बिपिन म्हणाला.
घातले. थोडी गप्प झाली.

प्रत्येक रेघ ताणून ओढलेली असते.
गार होते, ताण आतच राहतो,
राग गिळून पानावर बसलेल्या माणसासारखा.
पासष्ट अंशांवर तो आठवतो.
वरचा थर आखडतो, खालचा नाही,
आणि पडलेली पट्टी उठून बसते.

हे सगळं पूर्वा कोळंबकरच्या उजव्या हातासाठी.
वय नऊ. कढईतलं तेल.
शीवच्या इस्पितळात मी तिची बोटं कोनमापकाने मोजली:
करंगळी शहाण्णव, अनामिका ऐंशी,
मधल्या बोटाला तिने हात लावू दिला नाही.
भाजलेली कातडी बरी होता होता आखडते.
तिचा आराखडा कुणी काढलेला नसतो,
तरी रोज एक अंश, न चुकता.
त्या घडीला अडवील अशी घडी
मला पाण्यातून उठवायची होती.

दहा नमुने वाया गेले.
अकरावा उलटाच वळला, पोट वर करून.

साकीनाक्याला मुकादमचाचा
मिठाईच्या खोक्यांचे साचे बनवतात.
प्लायवूडमध्ये पोलादी पाती ठोकतात,
कापायचं धारदार, मोडायचं बोथट.
माझ्या बाराव्या नमुन्यावरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं.
"बाई, पुठ्ठ्यालाही लाकडासारख्या रेषा असतात,
आडवा मोडलात की तडकतो.
आणि घडीच्या आत जागाच नाही ठेवलीत.
जाडी जाईल कुठे बिचारी?"
रेषांचं माझ्याकडे नेमकं उलटं असतं.
ते मी त्यांना सांगितलं नाही.
जाडीचं मात्र खरं होतं.

अर्धा मिलिमीटर.
एवढंच सोडलं घडीघडीत.

सतरावा नमुना, स्टीलचं पातेलं.
आधी काहीच नाही.
मग कडा थरथरल्या
आणि बोटांसाठीच्या चार पन्हळी
आळस देत उभ्या राहिल्या.
बिपिन घड्याळ बघत होता: चौतीस सेकंद.
टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत.
चहा निवला होता, तो प्यायलो.

पूर्वाने हात आत घातला.
"गार आहे," म्हणाली. बाकी काही नाही.
तिची नजर वाया गेलेल्या नमुन्यांच्या खोक्यात होती.
अकरावा उचलला, उलटा केला, परत उताणा केला.
"कुर्ली," म्हणाली.
मग पोट नीट बघून: "मादी आहे."

गरम पाण्यापासून लांब ठेव हिला,
असं माझ्या तोंडाशी आलं होतं.
डाव्या हाताने ती तिला
टेबलाच्या कडेकडेने चालवत होती,
तिरकी.