ओली काच

बाजार शनिवारी, म्हणून बाया शनिवारीच येतात.
वांगी, सुकट, बैलाला दोर, आणि जमलंच तर
अंगावरून जातं ते सांगायचं.
बहुधा जमत नाही.
कंबर दुखते म्हणतात. चक्कर येते म्हणतात.
निरुता आशाताई त्यांच्या मागे उभी राहून
मला डोळ्यांनी सांगते: ते नाही, दुसरं.

सायत्रा कापगते, वय बत्तीस, तलावाच्या पाळीजवळचं घर.
दोन वर्षं तुरटीच्या पाण्यानं धुतलं,
कडूलिंब उकळला, वांगं सोडलं,
सासूनं सांगितले म्हणून पाच मंगळवार धरले.
खाज थांबेना. हिरवट, फेसाळ, वासाचं.
लुगडं रात्री धुवायची आणि पहाटे
कुणी उठायच्या आत ओलंच नेसायची.

सिस्टरनं तपासून कापसाची काडी माझ्या हातात दिली.
काचेवर मिठाच्या पाण्याचा थेंब.
इथं घाई लागते.
थेंब गार झाला की तो हलायचा थांबतो,
आणि थांबलेला तो
पांढऱ्या पेशींच्या गर्दीत ओळखू येत नाही.
मी पंखा बंद केला.

चाळिसाच्या भिंगाखाली होता.
रोवणीच्या बांधीत बेडकाचं पिल्लू
शेपटीनं स्वतःला ढकलतं, तसा नव्हे.
हा पुढच्या चार केसांनी स्वतःला ओढत,
गिरक्या घेत, धडकत,
कुठंही न पोचता.

"मले पायता येते का जी?"
नियमात नसेल. मी स्टूल सरकवलं.
तिनं आधी दोन्ही डोळे एकाच नळीवर आणले, मग एक मिटला.
बराच वेळ काही बोलली नाही.
"एवढासाच?
अन् मी समजत होती, देवीचं काही चुकलं माह्याकडून."

मग तो प्रश्न. कुठून आला?
भिंग ते दाखवत नाही.
केव्हापासून, कुणाकडून, काहीच नाही.
पुरुषाच्या अंगात तो महिनोन्‌महिने राहतो,
ना खाज, ना जळजळ, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो.
मी फक्त गोळ्यांचं सांगितलं.
दोघांनीही घ्यायच्या, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस.
तेवढे दिवस बाजा वेगळ्या.
त्यानं नाही घेतल्या तर फिरून तुझ्याकडेच येईल.
आणि दारूचा थेंब नाही, गोळ्या संपल्यावरही दोन-तीन दिवस.

ती हसली, पहिल्यांदाच.
रानात मोहफुलं टपटपत होती,
गावात घरोघर चुली मागच्या दारी पेटलेल्या.
"या दिवसात?"

माझ्या रजिस्टरात एक रकाना आहे: जोडीदाराचा उपचार.
संक्रांतीपासून अकरा नावं, अकरा आडव्या रेघा.

पुढचं मी पाहिलं नाही, निरुताकडून कळलं.
सोविंदा म्हणाला, मले का झालं? मी का बाई आहो?
ती भांडली नाही.
दोन्ही पाकिटं भाताच्या ताटाशी ठेवली.
"आधी तू. तू गिटलं का मी गिटीन.
नाही तं राहू दोघंही असेच."
आणि मोहाचं मडकं जावेच्या घरी नेऊन ठेवलं.
तीन रात्री तो रुसून पडवीत झोपला,
म्हणजे आम्हाला हवं होतं तेच.
चौथ्या दिवशी पानठेल्यावर कुरकुरला,
तोंडात शिक्का चघळल्यासारखं लागते,
तेव्हा निरुताला कळलं, हा गिळतोय.

तिसऱ्या शनिवारी पुन्हा काच.
सपाट पेशी, कडा दुमडलेल्या,
बाजार उठल्यावर पडलेल्या पत्रावळीसारख्या.
मी दोनदा फिरवून पाहिली.
रकान्यात 'हो' लिहिलं, शाई जरा पसरली.
"काही नाही, सायत्राबाई."
"पायू द्या."

एक डोळा मिटायचा हे आता तिला ठाऊक होतं.
बाहेर सोविंदा सायकलच्या दांडीला टेकून उभा,
रांग ओसरीबाहेर गेलेली,
निरुता दारातून हातानं खुणावतेय, आवरा,
आणि ती त्या रिकाम्या थेंबात पाहत राहिली,
किड्याला पाहिलं होतं
त्याहून कितीतरी जास्त वेळ.