भाजलेली वाळू

इनासबाबला स्कूटरवर मागे बसवून
कुडचड्याहून कुळ्याला नेलं,
तेव्हा रस्ताभर तो बोलला दोनदाच.
एकदा, "सावकाश गो बाय, मोडण आसा,"
आणि एकदा सावर्ड्याच्या पुलावर काहीतरी,
जे हेल्मेटमध्ये शिरलंच नाही.

यार्डात इंजिन उभं होतं.
काळ्या रंगाला अजून वास,
पितळ इतकं घासलेलं की त्यात
तिकिटांची रांग वाकडी दिसत होती.
झेंडूची माळ, रिबन, मंत्र्यांसाठी खुर्च्या.
एक पोरगा आईला विचारत होता,
ह्याला चार्ज कुठून करतात.

मला वाटलेलं तो हात फिरवील,
डोळे पुसेल, मी फोटो काढीन.
त्याने चाकं मोजली.
वाकून पोटाखालचा एक नट पाहिला
आणि म्हणाला, "हो नवो,"
तोंडातल्या कवळीबद्दल म्हणावं तसं.

वर चढताना गुडघा वाजला.
भट्टीत कोळसा नव्हता, तेलाची तोटी होती.
चष्मेवाला तरुण ड्रायव्हर, विराज नाव त्याचं,
अदबीने समजावत होता,
"अंकल, धूर कमी होतो."
"फावडें खंय?"
फावडं संग्रहालयात. काचेत.

खाली उतरल्यावर तो सांगू लागला,
इंजिनाचं नाही, वाळूचं.
तेराव्या वर्षी पहिली नोकरी तीच :
नदीची वाळू चाळायची,
पत्र्यावर भाजायची, पोह्यांसारखी,
हात न थांबवता.
घाटात रूळ साबण होतात.
गाडी जागच्या जागी चाकं फिरवते, पुढे जात नाही.
तेव्हा नळीतून चाकापुढे ती पडते, चिमूटचिमूट,
आणि लोखंडाला दात फुटतात.
ओली राहिली तर नळीत अडकते.
मग वरून जे ऐकू येई
ते त्याने पाद्रीलाही कधी सांगितलं नव्हतं.
"दूधसागर सगळे पाहतात," तो म्हणाला,
"तो रुळांवर येता, तें आमी पळयलें."

भाषणं झाली. शिट्टी झाली.
मुलांनी कान झाकले, इनासबाबने नाही,
त्याचा उजवा कान अशाच शिट्ट्यांनी केव्हाच नेला होता.
वाफेचा एक मोठा उसासा,
दांडे हलले,
आणि चाकं गरागरा जागच्या जागीच.
पुन्हा. पुन्हा तेच.
रात्रभराचं दव, वर सागाची पानं चिरडलेली,
वर कुणीतरी हौसेने पाजलेलं तेल.
विराजच्या कानांचा रंग बदलला.
फोन वर झाले, हसू आलं, एक टाळी पण.

मी वळून पाहिलं तर शेजारची जागा रिकामी.

तो फलाटावर होता, खांबापाशी,
जिथे लाल बादल्या टांगतात, आग लिहिलेल्या.
एक उतरवली. एक्क्याऐंशी वर्षं आणि एक बादली
तिरकी चालत आली चाकापर्यंत.
"ओ! ओ काका! सरकारी आहे ती!"
त्याने बोटांत वाळू चोळून पाहिली,
तोंड वाकडं केलं,
तिच्यात विड्यांची थोटकं होती, बाटलीचं एक झाकण.
ती वेचून खिशात घातली
आणि दोन्ही रुळांवर रेघ ओढली,
बारीक, सरळ,
दारात रांगोळी घालणाऱ्या बाईलाही जमणार नाही अशी.
मग मागे सरकून विराजला हात केला,
फक्त दोन बोटं, हळू.

चाक एकदा कचकन चावलं.
गाडी निघाली.

अर्धा किलोमीटर जाते ती, मग परत येते,
एवढंच आहे तिथे.
आम्ही दुसऱ्या फेरीला थांबलो नाही.
स्टेशनमास्तरांनी बादलीबद्दल त्याचं नाव
एका वहीत लिहून घेतलं,
त्याने वडिलांचंही सांगितलं, न विचारता.

परतताना मी विचारलं, कसं वाटलं.
डाव्या कानाशी ओरडून विचारलं.
बराच वेळ काही नाही. मग सावर्ड्याचा पूल आला.
"भाजूंक ना ती," तो म्हणाला.
"ओली आसली."

आज सकाळी स्कूटर धुतली.
पायाखालच्या रबराच्या खाचांत ती अजून आहे.
मी पाणी तिथून जरा बाजूनेच मारलं.