मोजे

सकाळी एक मोजा घालायला मला वीस मिनिटं लागतात.
दुसरा त्या मानाने लवकर होतो.
बाहेर ओउलु अजून शाईत बुडालेलं.
सूर्य साडेनवाला येतो,
हजेरीपुरती सही करून अडीचला निघून जातो.
मी मात्र आठला खुर्चीत:
नमस्कार, वीज कंपनी, हिल्का बोलतेय.

आवाज ठणठणीत आहे माझा.
पोटात ओली गोणी घेऊन बसलेल्या बाईला
एवढा गोड आवाज उसना कोण देतं,
आणि फेडायचा कधी?

डॉक्टर म्हणाली, रजा घ्या.
म्हटलं, एकदा बसले की उठायची नाही मी.
मग तिने गोळी लिहून दिली, अर्धी सकाळी, अर्धी रात्री.
पावाच्या सुरीने कापते.
एक तुकडा नेहमी मोठा होतो,
तो ऑफिसचा.

बाथरूमसाठी दिवसाला चौदा मिनिटं,
पुढे स्क्रीनवर माझं नाव लाल होतं.
मी दोन हप्त्यांत रडते. सात आणि सात.
ताइना मॅडम विचारतात, सगळं ठीक?
ठीक.
भलता कामसू शब्द आहे हा,
एक दिवस खाडा नाही त्याचा.

शेजारचा ओस्मो काहीच विचारत नाही.
वादळाच्या दुसऱ्या दिवशी, मान वर न करता,
माझ्या रांगेतले सहा फोन त्याने
आपल्याकडे ओढून घेतले.
सातवा माझ्याकडे आला.

कूसामोच्याही पलीकडचा कुणी म्हातारा.
चौदा तास वीज नाही,
मोबाइल ट्रॅक्टरवर चार्ज केलेला.
मी पाठ केलेलं सुरू केलं:
पथक निघालंय, गैरसोयीबद्दल दिलगीर...
तो म्हणाला, येतील तेव्हा येतील गं.
तुझ्याकडे आहे का उजेड?

हा प्रश्न यादीत नव्हता.
मी म्हटलं, अर्धा.
पलीकडे बराच वेळ चुलीतलं लाकूड तडतडलं.
चालेल, तो म्हणाला,
अर्ध्यात भांडी घासून होतात.

कॉलचा निकाल: ग्राहक समाधानी.
दुसरा कप्पाच नाही तिथे.

घरी नऊ दिवसांची भांडी.
त्यातला एक कप घासला.
बाकीची बघत उभी राहिले, मग दिवा घालवला.

आज मोजे काढत नाही.
तसेच घालून झोपते.
उद्याचं तेवढंच एक काम कमी.