न सापडलेल्यांचं पान

रामकुंडाच्या वर, चढणीला, विश्वंभरकाकांची खोली.
फडताळात लाल कापडात बांधलेल्या एकशे बारा वह्या,
खाली चटईवर माझा लॅपटॉप,
वायर शेजारच्या रसवंतीच्या बोर्डातून.

सगळं चालू झालं होतं. गाव टाका, आडनाव टाका,
खापरपणजोबा कुठल्या साली आले, कुणाच्या अस्थी घेऊन,
मोडीतली ओळ पडद्यावर येते.
राहिलं होतं एकच: जे येत नाही, त्याचं पान.

सर्व्हरचं मूळचं पान पांढरंफटक. वर चारशे चार,
खाली इंग्रजीत दोन ओळी,
तहसीलच्या खिडकीतून बोलल्यासारख्या.
काकांचा सारंग म्हणाला, एखादं माकड टाकू,
डोकं खाजवणारं. सगळे टाकतात.

काकांनी वही मिटली.
भंडाऱ्याहून माणूस येतो, रात्रभर गाडीत बसून,
मांडीवर फडक्यात बांधलेलं मडकं.
त्याला माकड दाखवणार?

मग नाव नसलं की तुम्ही काय म्हणता?
'नाही' म्हणत नाही. विचारतो.
मूळ गाव कुठलं? धरणाखाली गेलं का?
कुणी दत्तक गेलं होतं?
आडनाव हुद्द्यावरून पडलं की गावावरून?
आजीचं माहेर सांगा. चहा घ्या.
विचारता विचारता निम्मे सापडतात.
आणि उरलेले?
उरलेले चहा घेऊन जातात.

मी तेच टाइप केलं, चहा सोडून.

भिजलेल्या वह्यांसाठी त्यांना वेगळं पान हवं होतं.
पाणी दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेलं,
त्या वर्षी तीन वह्यांचा लगदा झाला.
नव्हतंच, आणि होतं पण गेलं, हे एक नाही पोरी.
मी म्हटलं, त्याला आकडा आहे. चारशे दहा.
काका पहिल्यांदाच संगणकावर खूश झाले.

पहिल्या फेरीत फाइलच्या नावात माझं एक अक्षर चुकलं
आणि सर्व्हर म्हणाला, पान सापडलं नाही,
शिवाय 'पान सापडलं नाही' हे पानही सापडलं नाही.
सारंग इतका हसला की रसवंतीवाला डोकावून गेला.

हसू ओसरल्यावर म्हणाला, एवढं गोड बोलतोय,
तर आकडाही दोनशेच पाठवू की, सगळं ठीक असल्याचा.
नको म्हटलं. वर माणसाशी कितीही हळू बोल,
खाली यंत्राला खरं सांगावं लागतं.
नाहीतर शोधायला फिरणारी यंत्रं
रिकाम्या पानालाच वंशावळ समजून बसतात.

चाचणीला असं नाव लागतं, जे नक्की नसेल.
मला शोधावं लागलं नाही.
सटवा रामा पगारे, चांदोरी.
माझा खापरपणजा. गाव याच नदीवर, थोडं खाली.
तो इथवर आला असेल, नसेल.
आला असेल तर किती पायऱ्या उतरू दिल्या
ते वहीत नसतं.

एंटर.
पान आलं. मूळ गाव कुठलं? आजीचं माहेर सांगा.
काका चष्मा सरकवून वाचत होते.
नाव वाचलं. माझ्याकडे पाहिलं. वह्यांकडे पाहिलं.
बोलले काहीच नाहीत.
बऱ्याच वेळाने सारंगला म्हणाले, चहा सांग, तीन.

निघताना सवयीने नोंदींची फाइल उघडली.
मंगळवार, सहा वाजून सोळा मिनिटं.
विचारलेलं नाव: सटवा रामा पगारे, चांदोरी.
पुढे चारशे चार.

नोंदी तीस दिवसांनी पुसायच्या, असं मीच ठरवलेलं.
त्या ओळीतले तीस दिवस खोडले.
त्यांच्या जागी काही लिहिलं नाही.