तोंडभर हवा

अवसेची ओहोटी. सकाळचे सहा चाळीस.
ऐरोलीच्या दिवागावातून खाडीत उतरताना
चिखल आधी घोटा मागतो, मग पोटरी.
तुम्ही किती शिकलात ते विचारत नाही.

माझ्या पाठीवर क्षारतामापक, दोन सिरिंज,
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही
आणि तीन वर्षांचं अनुदान मिळालेला एक प्रश्न:
मासा असून हा पाण्याबाहेर जगतो कसा?

पुढे धर्मीबाय. तिच्याकडे टोपली आणि उजवा हात.
तो हात खांद्यापर्यंत बिळात जातो
आणि निवटा घेऊन वर येतो.
तिला प्रश्न नाही. अकरापर्यंत बाजार गाठायचाय.

निवटा. बोटभर. डोळे पार डोक्यावर,
जणू घडवणाऱ्याला ते शेवटी आठवले.
कल्ल्यांत पाणी भरून घेतो,
पाठ वाळू लागली की चिखलात कूस बदलतो,
इकडचा गाल, मग तिकडचा,
आणि पंखांच्या कोपरांवर पुढे सरकतो.
मी लिहिते: त्वचेतून श्वसन, जवळजवळ निम्मं.

बिळातल्या पाण्यात प्राणवायू नाहीच म्हणा.
कंपन्यांचा नाला मिळतो तिथे तर
यंत्र आकडाही दाखवत नाही, नुसती रेघ.
बिळं तिथेही आहेत.
मग अंडी?

तीन ओहोट्या मी कॅमेऱ्यामागे बसून होते.
लांबून रोहित बघायला निघालेली होडी गेली,
सगळ्या दुर्बिणी आमच्या डोक्यावरून.
नर वर आला. तोंड फुगवलं. आत गेला.
वर आला. तोंड फुगवलं. आत गेला.
दोनशे बारा वेळा.
बिळाच्या टोकाशी, छताला चिकटलेल्या अंड्यांभोवती
तो हवेची एक खोली बांधत होता.
वरून भरती जाईल, सहा तास जाईल,
आत खोली कोरडी.

मी हे धर्मीबायला सांगितलं,
शोध लागलेल्या माणसाच्या आवाजात.
ती टोपली धूत होती. म्हणाली,
"मंग? बाप हाय ना त्यो."

बिळाचा आकार हवा होता. पद्धत जुनीच आहे:
रेझिन ओतायचं, गोठू द्यायचं, खणून काढायचं.
दोन दिवस हालचाल नसलेलीच बिळं निवडली.
बारा साचे निघाले, मधाच्या रंगाचे,
छत्रीच्या मुठीसारखे वळलेले.
बाराव्याच्या वळणात तो होता.
डोळे वर. तोंड फुगलेलं.
ओठांपाशी वाटाण्याएवढा एक बुडबुडा,
सुटायला निघालेला, तसाच थांबलेला.

निबंधात मी लिहिलं: साचे, अकरा.
परीक्षकांपैकी कुणी विचारलं नाही.
बारावा माझ्या खणात आहे, रुमालाखाली.
त्या बुडबुड्याचं आकारमान मला काढता येईल.
काढलेलं नाही.

धर्मीबायला मात्र दाखवला.
तिनं तो उन्हासमोर धरला, फिरवला.
आयुष्यभर निवटे विकलेली बाई,
आंबट कालवणात ती ते कसे करते तेही मला ठाऊक आहे.
म्हणाली, "अंडी लागली हाताला,
का हात रिकामा काढाचा. इतकाच रं."
मी पोरगी, तरी "रं" म्हणाली.
रागावली की तसं म्हणते.

परवा मी पहिल्यांदा हातमोजा काढला
आणि तिच्यासारखं आडवं होऊन
बिळात हात घातला, कोपर, दंड, खांदा,
कानाला चिखल लागेपर्यंत.
आधी गार पाणी, मग वळण, मग एकदम
बोटांना पाणी लागेना.
कुणीतरी अंगठ्याला टोचलं. दात नव्हे, हट्ट.

हात रिकामा काढला.
मागोमाग बुडबुडे आले, चार, सात, पुष्कळ,
त्याची सगळी सकाळ.

धर्मीबाय हाक मारत होती, पाणी भरायला लागलं होतं.
तो वर आला, माझ्याकडे एकच डोळा फिरवला,
तोंड फुगवलं
आणि खाली गेला.