पाव्हणं कुठलं?

सातगोंडा मगदूम आले ते गुळाचा खडा घेऊनच.
कीबोर्डशेजारी ठेवला, हात झटकले.
"ह्यो माझा रंग.
तुमच्या खोक्यावर हळद सांडलीया."

खोटं नव्हतं.
माझ्या पडद्यावर तो गूळ मधासारखा,
त्यांच्या मोबाइलवर झेंडूसारखा,
मार्केट यार्डात दिवाणजींच्या लॅपटॉपवर
काविळीच्या डोळ्यासारखा,
आणि प्रूफच्या कागदावर
उद्यमनगरातला गंजका पत्रा.
फाइल एकच.
शपथेवर सांगते, एकच.

काका, रंग म्हणजे आत नुसते तीन आकडे.
दोनशे पाच, एकशे अडतीस, बावन्न.
आकड्याला गाव नसतं.
जो तो पडदा आपल्या बोलीत वाचतो.
आपल्या कोल्हापुरात 'जरासं तिखट' म्हणतो आपण
आणि पुण्याचा जावई पाण्याचा तांब्या शोधतो.
शब्द तोच ना?
म्हणून फाइलीच्या पदराला एक गाठ मारायची,
हे आकडे कुठल्या गावचे, त्याची.
तिला प्रोफाइल म्हणतात.
मोबाइलवरून मोबाइलवर जाताना
तुमच्या खोक्याची गाठ सुटली कुठंतरी.
गाठ सुटली की सॉफ्टवेअर विचारत नाही, पाव्हणं कुठलं?
आमच्या गल्लीत शेंबडं पोरही विचारतं.
ते आपलं मनाशी ठरवतं,
असंल इथलंच.

मगदूम बराच वेळ खड्याकडं बघत राहिले.
"म्हंजे सोयरीक जुळवायची."

तसंच म्हणा.
दर सोमवारी ट्यूब बंद करून
मी पडद्याच्या छातीला यंत्र लावते,
तो लाल होतो, हिरवा होतो, निळा होतो,
कुठं किती खोटं बोलतो ते मोजून घेते.
मालकांना भिंत गुलाबी हवी होती.
भांडून राखाडी करून घेतली.
कामाच्या दिवशी मी लाल ओढणी घेत नाही,
तिची झाक पडते पडद्याच्या गालावर.
आई म्हणते, प्रेसमध्ये जातीस का सुतकात?

खाली मशीनवर दस्तगीर.
त्याचा प्रोफाइलवर विश्वास नाही, भिंगावर आहे.
"मॅडम, तुमच्याकडं उजेड. माझ्याकडं शाई.
आणि कागूद पितोय किती बघा की."
खरंय त्याचं.
काही रंग पडद्यावर जन्मतात
आणि कागदाच्या वेशीतून आत येतच नाहीत.
मग वेशीच्या आत जवळात जवळ कोण,
त्याच्या दारात नेऊन बसवायचं त्यांना.
थोडं उतरतं तोंड.
सगळ्यांनाच एकेक पायरी खाली उतरवलं
तर घरातलं नातं तरी टिकतं.

चौथ्या प्रूफला,
उत्तरेच्या खिडकीत, सकाळी अकराला,
खडा आणि कागद शेजारी शेजारी.
मगदूमांनी चष्मा काढला. घातला. परत काढला.
खड्याचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला,
जणू जिभेनंही ताडून बघावं,
आणि कागदावर सही केली.
उरलेला खडा मी ड्रॉवरमध्ये ठेवला.
नमुना.

वर्षानं त्यांच्या मुलाचा फोन.
तोच खोका, दहा हजार.
"नमुना हाय न्हवं तुमच्याकडं?"

ड्रॉवरमध्ये कागदावर एक चिकट गोल,
आणि राखाडी भिंतीवरून
मुंग्यांची ओळ, घाई नसलेली.
त्यांनी प्रोफाइल विचारली नव्हती.
छापलेल्या खोक्याकडं
एकही फिरकली नव्हती.

"हाय," म्हटलं मी.

नव्या कॉम्प्युटरवर जुनी फाइल उघडली.
उघडता उघडता थबकली.
मधोमध एक चौकट:
हिचं गाव वेगळं दिसतंय.
तसंच ठेवू, का इथलं करून घेऊ?

खालून दस्तगीर हाका मारत होता.
मी खुर्ची पुढं ओढली.
म्हटलं, बाई, विचारलंस तरी.
ठेव. तसंच ठेव.